मधली फळी

साबण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो, हे आमच्या बेटावर कुणाला शिकवावं लागत नाही. तो खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होतं. चुकून दिलाच, तर दोघांनी लगेच 'फ्तू' करून थुंकल्यासारखं करायचं, म्हणजे टळतं. घरात हे जमून जातं. पण आमचा धंदाच साबणाचा. त्यामुळे ज्याने कुणी हा कारखाना पहिल्यांदा मांडला, त्याने कामाच्या प्रत्येक दोन माणसांमध्ये एक लाकडी फळी टाकली. एकाने काम संपवून साबण फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने तिथून घ्यायचा. आमच्या या लेस्वॉस बेटावर इतके साबणाचे कारखाने उघडले आणि बुडाले, आमच्या कारखान्यातली फळी मात्र कुणी हलवली नव्हती.

मी इग्नातिस, भट्टीवर असतो. ऑलिव्हचं तेल आणि कॉस्टिक सोडा काहिलीत शिजवायचं, आणि ते झालं की नाही हे जिभेच्या टोकाला लावून ठरवायचं, एवढंच मला येतं. बाकी कारखान्यात काय चाललंय ते खिडकीतून दिसतं आणि भिंतीतून ऐकू येतं. लोकांच्या भानगडीत पडायचा माझा स्वभाव नाही. निदान मी तसं सांगत असतो.

माझ्या खिडकीसमोर मिर्सिनी आणि एवान्थिया बसायच्या. मिर्सिनी पायाने दाबायच्या जुन्या प्रेसवर. अर्धवट वाळलेली वडी साच्यात ठेवायची, पाय मारायचा, धप्, की वडीवर ऑलिव्हच्या डहाळीचा ठसा. मग ती फळीवर. पलीकडे एवान्थिया ती वडी कागदात गुंडाळायची, कोपरे दुमडायची, खोक्यात भरायची. दोघी एकाच गल्लीतल्या, घरांची भिंत एक. मिर्सिनीच्या थोरल्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर धरलं ते एवान्थियाने, म्हणजे ती त्याची धर्ममाता, आणि त्या नात्याने दोघी एकमेकींच्या कुंबारा. सख्ख्या बहिणीशी एखादी स्त्री महिनाभर अबोला धरेल, पण कुंबाराशी धरणार नाही.

एवान्थिया अधूनमधून माझ्या अंगणात सिगरेट ओढायला यायची. ती आली की आतला प्रेस गप्प व्हायचा.

"ऐकलंस?" ती मला म्हणायची. "मी उठले रे उठले, की बाईसाहेबांचा पाय आखडतो. आळशी कुठली."

"हं," मी म्हणायचो.

कारण मला खिडकीतून वेगळंच दिसत असायचं. मिर्सिनी प्रेस सोडून एवान्थियाच्या स्टुलावर येऊन बसलेली, आणि फळीवरच्या ढिगातल्या वड्या भराभरा गुंडाळतेय. दारात एवान्थियाचा खोकला ऐकू आला की परत आपल्या जागेवर. गेल्या काही वर्षांत एवान्थियाची बोटं वाकडी झाली होती. कागदाचा कोपरा तिच्या चिमटीत येता येईना. ती खापर कागदावर फोडायची. "हल्लीचा कागदच धड नाही," म्हणायची. संध्याकाळी फळी रिकामी झालेली असायची, खोकी भरलेली असायची, आणि एवान्थिया सगळ्यांसमोर मिर्सिनीला म्हणायची, "बघ, संपवलं की नाही? नाहीतर तू, माझी पाठ वळली की डुलक्या." मिर्सिनी हसून एप्रन काढायची.

एवान्थिया विधवा होती आणि तिला पेन्शनचे वेध लागले होते. तिची भरायची वर्षं ईस्टरला पूर्ण होणार होती. तोवर नोकरी टिकली तर जन्माची ददात मिटली. त्याआधी सुटली, तर या वयात आणि या बोटांना दुसरं कोण कामाला ठेवणार? आणि अपुऱ्या वर्षांवर सरकार कुणाच्या हातावर काही ठेवत नाही. "ईस्टरचं कोकरू आगीवर चढलं की मी मोकळी," ती म्हणायची. त्या वर्षी तिच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता.

अशात आरेती आली. आरेती ही आमच्या मालकांची, प्रोकोपिसची मुलगी. कारखाने कसे चालवायचे हे थेस्सालोनिकीत शिकली होती आणि पलीकडे मुख्य भूमीवर एका बिस्किटांच्या कारखान्यात ते चालवूनही आली होती. आमचा कारखाना तेव्हा अखेरच्या घटका मोजत होता. आरेतीने रोड्स बेटावरच्या हॉटेलवाल्यांकडून छोट्या वड्यांची मोठी ऑर्डर मिळवली. ती वेळेवर गेली तर कारखाना तरणार होता. बापाजवळ पैसा होता एकाच यंत्रापुरता. ते कुठलं घ्यायचं हा प्रश्न होता.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्या भट्टीजवळ येऊन बसली.

"काका, कारखाना म्हणजे बाटली असते. बाटली केवढीही असू दे, पाणी मानेतून जेवढं येईल तेवढंच येणार. आधी मान कुठे आहे ते शोधायचं. पैसा तिथे घालायचा. दुसरीकडे घातलेला सगळा वाया."

"आणि मान सापडली की काय करतेस? मुरगाळतेस?"

"रुंद करते," ती हसून म्हणाली. "तुम्ही लोक मला काय समजता हो?"

मुलगी वाईट नव्हती. आणि तिचं म्हणणंही खरं होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. मी माल शिजवून ठेवायचो आणि त्यातला अर्धा पुढे कुठेतरी अडून बसायचा, हे मला वर्षानुवर्षं दिसत होतं. कुठे अडतो ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आरेती दोन दिवस नुसती फिरली. मग मिर्सिनी-एवान्थियाच्या मधल्या फळीपाशी थांबली. दुपारची वेळ, फळीवर वड्यांचा हा ढीग.

"हे झाकण आहे," ती म्हणाली. "याच्याखाली काय शिजतंय ते कळत नाही. कुणाचा हात चालतो, कुणाचा अडतो, सगळं या ढिगात बुडतं. फळ्या काढा. ठसा मारला की वडी थेट दुसरीच्या हातात. एक झाली की एक."

मालक प्रोकोपिस दारात उभे होते, त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"हातात?" मिर्सिनीने विचारलं.

"हातात."

"पोरी, साबण आहे तो."

"माहितीये मावशी. घरी मीसुद्धा आईच्या हातात साबण देत नाही. पण हा कारखाना आहे. एवढा साबण आणि एवढी भांडणं? देवालासुद्धा वेळ पुरायचा नाही."

फळ्या भिंतीला लागल्या. आरेती त्याच संध्याकाळच्या बोटीने हॉटेलवाल्यांना भेटायला निघाली. जाताना सांगून गेली: सोमवारी परत येते. सोमवारपासून आठवडाभर घड्याळ लावून बघणार. जिथे हात अडेल तिथे यंत्र येईल. मालकांना गोडीत बोलणं कधी जमलं नाही. त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. यंत्र गुंडाळायचं आलं, तर गुंडाळणारी नवीन वर्षापासून घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर जत्रा होती. मिर्सिनी वडी द्यायची, एवान्थिया घ्यायची, आणि दोघी फ्तू, फ्तू. पुढची वडी, पुन्हा फ्तू. दुपारपर्यंत दोघींच्या तोंडाला कोरड पडली आणि हसून हसून पुरेवाट झाली. मग थुंकणं सुटलं.

मग काम सुरू झालं, आणि मिर्सिनीचा हात हवेत थांबायला लागला. ठसा मारलेली वडी तळहातावर, हात पुढे केलेला, आणि समोर एवान्थिया अजून आधीच्याच वडीचा कोपरा दुमडतेय. पूर्वी मिर्सिनी वडी फळीवर ठेवून आपल्या कामाला लागायची. आता तिला बघत उभं राहावं लागत होतं.

"बघू नकोस माझ्याकडे," एवान्थिया मान वर न करता म्हणाली.

"मग कुठे बघू?"

"ठेव ती कुठेतरी."

"कुठे ठेवू? डोक्यावर?"

एवान्थिया सिगरेट ओढायला आली, पण अर्धी टाकून परत गेली. आत मिर्सिनी प्रेसजवळ नुसती उभी होती. गुंडाळायला ढीगच नव्हता. संध्याकाळी भिंतीशी भरलेली खोकी रोजच्यापेक्षा इतकी कमी होती की मलाही खिडकीतून कळलं. एवान्थिया त्या खोक्यांसमोर बराच वेळ उभी राहिली.

"रोज तर भरायची," ती म्हणाली. "ती कोण भरत होतं?"

मिर्सिनी प्रेस पुसत होती.

"मी विचारतेय काहीतरी."

"दोघी मिळून भरत होतो गं."

"मी बाहेर असायचे तेव्हा. प्रेस बंद असायचा तेव्हा. बोल."

मिर्सिनीने पुसलेला साचा पुन्हा पुसायला घेतला. तेच उत्तर झालं.

"मी तुला आळशी म्हणायचे!" एवान्थियाचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर! आणि तू ऐकून घ्यायचीस? मनात हसत होतीस ना मला?"

"हसत नव्हते गं, देवाशपथ."

"मग कीव करत होतीस. त्यापेक्षा हसली असतीस तर परवडलं असतं!"

तिने एप्रन जमिनीवर फेकला आणि निघून गेली. रविवारी चर्चमध्ये दोघी दोन टोकांना. सगळ्या गल्लीने आणि सगळ्या कारखान्याने एकमुखाने निकाल दिला: साबणाने केलं. प्रोकोपिस तर भेटेल त्याला सांगत होते, "मी म्हणालो होतो. हातात देऊ नका म्हणून म्हणालो होतो की नाही?" खरं कारण कुणी शोधलं नाही, कारण सगळ्यांकडे एक कारण आधीपासून तयार होतं.

सोमवारी आरेती घड्याळ घेऊन उभी राहिली. मी काहील ढवळत होतो. इतकी वर्षं मी त्या प्रेसच्या आवाजावर ढवळत आलोय. धप् आला की पळी फिरवायची, ही हाताला सवय. त्या सकाळी पळी फिरून परत यायची आणि धप् आलेला नसायचा. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. मग खिडकीतून बघितलं.

मिर्सिनी वडी साच्यात ठेवत होती, काढत होती, फडक्याने पुसत होती, पुन्हा ठेवत होती. पाय पट्टीवर टेकलेला, पण दाबत नव्हता. शेवटी दाबायची. समोर एवान्थिया, आधीची वडी केव्हाची गुंडाळून झालेली, रिकामा हात पुढे करून बसलेली. आता वाट बघायची पाळी तिची होती.

"काय बाई, झोप लागली का?" एवान्थिया सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "माझे हात रिकामे आहेत!"

आरेतीने घड्याळाकडे बघितलं.

आठवडाभर हेच. मिर्सिनी रखडायची आणि एवान्थिया टोमणे मारायची. मला एवान्थियाचा असा संताप आला की पळी टाकून आत जावं आणि तिला खांद्याला धरून हलवावं असं वाटलं. अगं, कुणासाठी करतेय ती? पण मी एवान्थियाला ओळखतो. सांगितलं असतं तर ती त्याच पावली उठून आरेतीकडे गेली असती आणि म्हणाली असती, मान मी आहे, आण तुझं यंत्र. मग ईस्टर गेला, पेन्शनही गेली. पहिली मदत कळली म्हणून एवढं झालं होतं, दुसरी तिला कळून चालणार नव्हती. तेव्हा मी मूग गिळून बसलो. सगळ्या कारखान्यात हे फक्त मला ठाऊक आहे याचा मला थोडा अभिमानही वाटला.

शनिवारी आरेती भट्टीवर आली.

"मान प्रेसवर आहे काका. गंमत म्हणजे मला वाटलं होतं गुंडाळण्यावर असेल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"मिर्सिनीमावशी थकली हो."

"वय होतं माणसाचं," मी म्हणालो. मिर्सिनी एवान्थियाहून धाकटी आहे.

ख्रिसमसच्या आधी विजेवरचा प्रेस आला, जुनाच, पण पळणारा. त्याच्या वेगाला एक गुंडाळणारी पुरेना, म्हणून गोदामातली एक बाई एवान्थियाच्या जोडीला बसवली. दोघींच्या हातांमध्ये एवान्थियाची बोटं निभावून गेली. यंत्रातून वड्या निघायच्या त्या एका उतरत्या पत्र्यावर घरंगळत यायच्या आणि तिथे त्यांचा ढीग व्हायचा. म्हणजे माणसांची फळी काढली आणि यंत्राला दिली. मी आरेतीला तसं म्हणालोसुद्धा. तिने खांदे उडवले. ऑर्डर वेळेवर गेली, पाठोपाठ दुसरी आली. काही लोकांना मी सांगावं असं वाटतं की सगळं बुडालं. बुडालं नाही. कारखाना तरला, तो आरेतीमुळे.

मिर्सिनीला वाळवणाच्या माळ्यावर पाठवलं. तिथे कुणी हळू असलं तरी कुणाचं अडत नाही. शिडी चढायची, वड्यांचे ट्रे वर न्यायचे, वड्या उलटायच्या, सुकलेले ट्रे खाली आणायचे. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्यांना काच नाही, त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेचा वारा सरळ अंगावर. जानेवारीत तिचा गुडघा सुजला. ती माझ्या भट्टीशी येऊन पाय शेकत बसायची.

"मिर्सिनी," मी एकदा म्हणालो, "त्या आठवड्यात तुझा पाय..."

"माझा पाय म्हातारा झाला, इग्नातिस. ऐकलं नाहीस? सगळी गल्ली सांगत असते."

गल्ली सांगत होती, कारण एवान्थिया सांगत होती. बेकरीत, कोळ्यांच्या धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर. मिर्सिनीची चांगली जिरली, लोकांवर उपकार करायला निघाली होती, आता बसा म्हणावं माळ्यावर कबुतरांबरोबर. मला तिचं तोंड बघवत नव्हतं. ती अंगणात सिगरेट ओढायला आली की मी आत जायचो.

ईस्टर झाला. त्यानंतरच्या आठवड्यात एवान्थियाचा शेवटचा दिवस होता. तिने गोड पाव भाजून आणला होता आणि टोपलीभर ईस्टरची लाल रंगवलेली अंडी. आमच्याकडे कुणी कारखाना सोडून जातं तेव्हा जोडीदाराने शेवटची वडी ठसा मारून द्यायची पद्धत आहे. जोडीदार म्हणजे कोण हे कुणी बोललं नाही. गोदामातली बाई इकडेतिकडे बघू लागली.

मिर्सिनी शिडीवरून खाली आली. कोपऱ्यात जुना पायाचा प्रेस पोत्याखाली पडला होता, त्याच्यावरचं पोतं तिने ओढलं. साच्यात वडी ठेवली. दुखऱ्या पायाने पट्टी दाबली. धप्. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज, माझा हात पळीशिवायच हलला.

ती वडी घेऊन एवान्थियासमोर आली आणि ठेवायला जागा शोधू लागली. फळी नव्हती. पत्र्यावर यंत्राच्या वड्या घरंगळत होत्या. टेबलावर पाव आणि अंडी.

"ठेवायला जागा नाही," मिर्सिनी म्हणाली. एवढ्या महिन्यांतलं एवान्थियाशी तिचं हे पहिलं वाक्य.

एवान्थियाने तळहात पुढे केला. "हातात दे."

"भांडण होईल."

"झालंय की. आणखी कुठलं व्हायचं राहिलंय?"

मिर्सिनीने वडी तिच्या हातावर ठेवली, आणि सवयीने दोघींच्याही तोंडून एकदमच 'फ्तू' निघालं. बाकीची मंडळी हसली आणि पावाकडे वळली. मी अंडं सोलत तिथेच उभा होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"त्या आठवड्यात तू मुद्दाम पाय अडवत होतीस," एवान्थिया हळू आवाजात म्हणाली.

मिर्सिनीने झटकन माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी कुणाला काही बोललो नव्हतो.

"त्याच्याकडे काय बघतेस? मला कान नाहीत? मी उठले की तो प्रेस का गप्प होतो, हे कळायला मला इतकी वर्षं लागली. एकदा कळल्यावर पुन्हा चुकेन?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर नको म्हणावं लागलं असतं." एवान्थियाने वडीवरच्या ठशावरून वाकडं बोट फिरवलं. "आणि मला पेन्शन हवी होती."

मी सोललेलं अंडं हातात धरून उभा. सगळा हिवाळा जे गुपित मी जिवापाड जपलं, ते जिच्यापासून जपलं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मिर्सिनी गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत होती. मग म्हणाली, "आणि गल्लीभर मला शिव्या देत फिरलीस, त्या? आरेतीला संशय येऊ नये म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो. एवान्थियाने विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "त्या खऱ्या होत्या."

मिर्सिनीने मान डोलवली, जणू हेच अपेक्षित होतं. टेबलावरून पावाचा तुकडा घेतला आणि शिडीकडे गेली. एक पायरी चढायची, दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर घ्यायचा, मग पुढची. एवान्थिया शिडीखाली वडी हातात धरून उभी राहिली आणि ते चढणं शेवटपर्यंत बघत राहिली. हिवाळाभर तिने एकदाही तिकडे बघितलं नव्हतं.

"संध्याकाळी ये," पाय दिसेनासे झाल्यावर ती वर ओरडली. "कॉफी ठेवते."

वर ट्रे सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरा.

"गुडघ्याला विचारून सांगते," मिर्सिनी वरून म्हणाली.